कागदाची डावी बाजू

मी हे लिहितो आहे ते पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय. दस्तात हे वाक्य असतेच. सोलापूरच्या दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होईपर्यंत मी ते इतक्यांदा वाचले, की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कधी वाटले नाही. गेल्या वर्षी माझ्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली. त्यानंतर कित्येक महिने, हे वाक्य माझ्या बाबतीत खरे मानायचे की नाही, हाच आमच्या घरातला वाद होता.

ज्यांना पक्षाघात झाला आहे, किंवा ज्यांच्या घरात तो झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. औषधांविषयी मी काही सांगणार नाही. ते डॉक्टरांना विचारावे आणि शक्यतो लिहून घ्यावे. ज्या आजारात माणसाला स्वतःचा आजारच दिसत नाही, त्यात माझ्यासारख्याचे काय होते, एवढेच मला सांगायचे आहे. लोक मला संशयी म्हणतात. मी स्वतःला पडताळणी करणारा म्हणतो.

त्या सकाळची पूजा

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीची करडगी असते आणि तिच्यात इष्टलिंग. सकाळी आंघोळ झाली की ते काढून डाव्या तळहातावर ठेवायचे, उजव्या हाताने पाणी, भस्म, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक पाहत बसायचे. वडिलांनी दीक्षेनंतर शिकवले तेव्हापासून माझा यात खंड नाही.

त्या सकाळी करडगी उघडली, देव तळहातावर ठेवला, भस्माला हात घातला आणि परत पाहिले तर देव नाही.

"माझा देव कुणी उचलला?" मी विचारले.

महानंदा, म्हणजे माझी पत्नी, स्वयंपाकघरातून आली. "री, निम्म कैयागऽ ऐतल्री," ती म्हणाली. घाईत असली की ती कानडीत बोलते. "तुमच्या हातातच आहे की."

"कुठल्या हातात?"

ती हसली आणि हसता हसता थांबली. मी चेष्टेने विचारले नव्हते. तिने माझे मनगट धरून तळहात उजवीकडे, माझ्या डोळ्यांसमोर आणला. तिथे देव होता. मात्र तो हात माझा आहे हे मला पटेना. मी तिला म्हणालो, "हा हात तुझा आहे. देव तूच घेतला होतास."

सात रस्त्याच्या पलीकडच्या रुग्णालयात शेजाऱ्यांनी गाडीतून नेले. वाटेत मी महानंदाशी बोललो नाही. जिने चोरी केली तिनेच रुग्णवाहिकेऐवजी ओळखीची गाडी का बोलावली, याचा मी विचार करीत होतो.

रुग्णालय

मेंदूचे चित्र काढण्याच्या यंत्रात धातू चालत नाही. म्हणून माझ्या गळ्यातून करडगी काढण्यात आली. हे मला सांगितले होते म्हणतात. सांगितल्याची नोंद मात्र कोणाकडे नव्हती. शुद्धीवर नीट आलो तेव्हा गळा मोकळा होता. मी उजव्या हाताने कागद मागवून रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले, त्यात वॉर्डातील दोन कर्मचाऱ्यांवर संशय व्यक्त केला आणि पोलिसांत जाण्याचा हक्क राखून ठेवला.

महानंदाने पदराखालून दोन करडग्या बाहेर काढल्या. "तुमचा न माझा, दोन्ही देव गळ्यात घालून बसलेय मी इथं," ती म्हणाली. "आता ते पत्र फाडू का ओ?"

"पत्र जाऊ दे. काढताना पंचनामा व्हायला हवा होता."

दुसरे पत्र जेवणाविषयी होते. कप्प्यांचे स्टीलचे ताट येई. त्यात मला आमटी-भात मिळे, पोळी-भाजी मिळत नसे. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला मिळे. मी कॅन्टीनच्या ठेकेदाराविरुद्ध तक्रार केली. नंतरच्या जेवणाला मी भात संपवला, महानंदाने ताटाला हात लावला आणि समोर पोळी-भाजी दिसली.

"आता कुठून आली?"

"तक्रार केली ना तुम्ही," ती म्हणाली. "घाबरले असतील."

मला फार बरे वाटले. आजारपणात माणसाला आपला शब्द चालतो आहे असे वाटणे, ही मोठी गोष्ट असते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फिल्म उजेडाला धरून सांगितले, "तुमचा मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाहीये. नजर चांगली आहे. पण त्या बाजूला काही आहे, हेच त्याला वाटत नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हणालो, या माणसाने दुसऱ्याच रुग्णाची फिल्म धरली आहे. डावी बाजू अंधारली असती, तर मला कळली असती. अंधार कुठेच नव्हता. माझे जग मला पुरे दिसत होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तुमच्या घरातला रुग्ण 'मला सगळं दिसतंय' म्हणाला, तर तो खोटे बोलत नाही. त्याला खरोखर तसेच वाटते.

घरी

घरी आलो तेव्हा माझ्याविरुद्ध कट शिजतो आहे अशी माझी खात्री होऊ लागली. टीपॉय रोज जागा बदलत होता आणि नेमका माझ्या डाव्या गुडघ्याला लागत होता. दाराची चौकट खांद्याला लागत होती. चष्म्याचे घर, काठी, वर्तमानपत्राचे पान, जे ठेवावे ते नाहीसे होई आणि महानंदा ते कुठूनतरी लगेच काढून देई. जी वस्तू हरवते ती एकाच माणसाला नेहमी सापडत असेल, तर न्यायालयात त्याचा एकच अर्थ काढला जातो.

एका संध्याकाळी मी स्कूटर गल्लीत काढली आणि शेजाऱ्यांच्या फाटकाला घासली. त्यानंतर किल्ली नाहीशी झाली. ही किल्ली मात्र कोणी काढून दिली नाही.

मग माझा मुलगा संगमेश पुण्याहून आला. येताना त्याने एक मसुदा आणला होता: सर्वाधिकार मुखत्यारपत्र. त्याच्यावर माझी सही झाली, की माझ्या घराबद्दल, माझ्या कागदपत्रांबद्दल, मी कुठे राहावे याबद्दल निर्णय तो घेणार.

"बाबा, फक्त सोयीसाठी आहे," तो म्हणाला.

"सोय कोणाची?"

"तुमचीच की. तुम्ही दोघं पुण्याला आलात तर..."

"माझ्या शुद्धीविषयी तुला शंका आहे का? असेल तर अर्ज कर. न्यायालय वैद्यकीय मंडळ नेमेल. मी उत्तर देईन. पण सोय म्हणून माझी सही मिळणार नाही."

"बाबा, तुम्ही फाटकाला धडकलात."

"फाटक पुढे आले आहे. मी नगरपालिकेकडे अतिक्रमणाचा अर्ज देतो आहे."

महानंदा म्हणाली, "महानगरपालिका." ती नेहमी दुरुस्ती करते, आणि नेहमी अयोग्य वेळी.

ऑनलाइन बाई

त्याच आठवड्यात संगमेशने सांगितले, की डॉक्टरांनी चित्रोपचार सुचवला आहे. नाशिकच्या एक बाई व्हिडिओ कॉलवरून पक्षाघाताच्या रुग्णांकडून चित्रे काढून घेतात. नाव वैदेही. एक मोबाइल तोंडासमोर उभा करायचा, दुसरा स्टँडला लावून वरून कागदावर रोखायचा. म्हणजे काढणाऱ्याचा चेहराही त्यांना दिसतो आणि हातही.

मुखत्यारपत्राला नकार दिल्याबरोबर ही बाई उगवते, आणि तिच्याकडे माझ्या चेहऱ्याचे आणि हाताचे एकाच वेळी चित्रण करण्याची व्यवस्था असते. यात ज्याला योगायोग दिसेल त्याने तो पाहावा. मला वैद्यकीय पुरावा गोळा होताना दिसला. तरीही मी बसलो. समन्स टाळणारा पक्षकार आपली बाजू आधीच हरतो.

"नमस्कार काका," पडद्यावरची बाई म्हणाली. वय चाळिशीच्या आतले. मागे भिंतीवर काहीच नव्हते, तेही मला खटकले.

"मला काका म्हणण्याचा संबंध आपला कुठून आला?"

"मग काय म्हणू?"

"कलशेट्टी."

"चालेल. कलशेट्टी साहेब, आज आपण..."

"घड्याळाचे चित्र काढायला सांगणार असाल तर मी काढणार नाही. ती तपासणी असते. मी माहिती काढली आहे."

"मी तपासणी करत नाही," त्या म्हणाल्या. "तपासायला डॉक्टर आहेत. तुम्हाला जे काढावंसं वाटेल ते काढा. आज नको वाटलं तर नका काढू."

मी त्या दिवशी काही काढले नाही. त्यांनी पाठवलेल्या संमतीपत्राचा मी छापील कागद करून घेतला आणि दुरुस्त्या सुचवल्या. चित्रण साठवू नये. मूळ चित्रे माझ्या ताब्यात राहतील. प्रत्येक कागदावर सुरुवातीला मी कॅमेऱ्यासमोर खालच्या कोपऱ्यात लघुस्वाक्षरी करीन, म्हणजे मागाहून कागद बदलता येणार नाही. आणि कुटुंबातील कोणालाही, विशेषतः मुलाला, काहीही सांगितले जाणार नाही.

त्यांनी सगळे मान्य केले, एक ओळ सोडून. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प राहणार नाही, ही ओळ त्या काढायला तयार नव्हत्या.

"मग मी सही करणार नाही," मी म्हणालो.

"ठीक आहे. पण ती ओळ राहील."

मी दोन दिवस थांबून सही केली. जो पक्षकार सगळ्याला हो म्हणतो त्याच्यावर मी नोकरीत कधी विश्वास ठेवला नाही. ही बाई निदान एका ओळीवर अडून बसली होती.

न्यायालयाचे चित्र

मी काढायला घेतले ते माझे न्यायालय. ज्या दालनात आयुष्य गेले ते डोळे मिटूनही काढता येते. मध्ये न्यायाधीशांचे आसन, त्याखाली माझे टेबल, समोर एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी, मागे पक्षकारांची बाके, वर पंखा. मी तैलखडू वापरले. हातात धरायला पेन्सिलपेक्षा बरे पडतात, आणि कागदावर घासताना आवाज येतो तो मला आवडला. हे मी बाईंना सांगितले नाही. माझ्या समाधानाचीही नोंद होऊ नये असे वाटत होते.

चित्र झाल्यावर त्या पडद्याजवळ वाकल्या. मग त्यांनी विचारले, "इथं कोण बसतं?"

"प्रतिवादी."

"आणि वादी?"

"काढला आहे की."

"मला दिसत नाहीये. आसनसुद्धा मला अर्धंच दिसतंय."

हे मला अपेक्षितच होते. "आपल्या कॅमेऱ्याने डावा भाग कापला आहे," मी म्हणालो. "मूळ कागद माझ्याकडे आहे. त्यावर माझी सही आहे. तो पूर्ण आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. वाद घातला नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच दालन काढू म्हणाल्या. मी काढले. त्याच्या पुढच्या वेळीही काढले. दर वेळी त्या वादीला हजर राहायला सांगत होत्या आणि दर वेळी माझ्या मते तो हजर होता. मी सगळी चित्रे फाइलीला लावत गेलो. आज ना उद्या ती माझ्या बाजूने उपयोगी पडतील अशी माझी खात्री होती.

मध्येच मोहोळहून गणपत माने भेटायला आला. तो आमच्या न्यायालयात बेलीफ होता. दुसऱ्यांच्या घरच्या जप्त्या करून करून त्याला कोणाच्याही घरात मोकळेपणाने वावरायची सवय लागली आहे. दारातूनच म्हणाला, "काय ओ साहेब, दाढी निम्मीच केलीया की. वस्तरा मोडला व्हय?"

"पूर्ण केली आहे."

"अवो, हितं बगा, डावा गाल तसाच हाय. लई झ्याक दिसतंय पर. निम्मं साधू, निम्मं सायब."

महानंदा तोंडाला पदर लावून आत गेली. मी गालावरून हात फिरवला. उजवा हात उजव्या गालावरून फिरला आणि गुळगुळीत लागला. गणपत संगमेशला वाटेत भेटला होता का, हे मी त्याला सरळ विचारले.

"म्या न्हाय भेटलो. का वो?"

"साक्षीदार लागतात, म्हणून विचारले."

मग खिशातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढून त्याने माझ्या उजव्या बाजूला ठेवली. आज आठवते, की त्याने ती उजव्याच बाजूला ठेवली होती.

फितूर न झालेली साक्षीदार

संगमेश पुन्हा आला तेव्हा जेवताना चिडलेला होता. "आई, ती बाई मला काहीच सांगत नाही," तो म्हणाला. "मी नुसतं विचारलं, की बाबांना व्यवहार कळतात असं लेखी मिळेल का, किंवा कळत नाहीत असं. तर म्हणते, मी दाखले देत नाही आणि सेशनमधलं त्यांचं त्यांना विचारा."

मी घास थांबवला. माझा संशय निराधार नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो. मुलाने दाखला मागितला होता. तो मिळाला नव्हता.

"कशाला मागितलास?" मी विचारले.

त्याने चमचा खाली ठेवला. "कारण मला रात्रभर एकच दिसतं बाबा. तुम्ही स्कूटर काढताय आणि डावीकडनं ट्रक येतोय. मला दुसरं काय करायचं ते कळत नाही. कागदच करता येतो, तो केला."

मी आणखी भात मागितला.

कागद

बाईंनी त्यानंतरच्या भेटीत चित्राचा विषयच काढला नाही. रुग्णालयात दिवस कसे गेले, असे विचारले. मी कॅन्टीनची हकीकत सांगितली. तक्रार केल्याबरोबर पोळी-भाजी कशी मिळू लागली, हे मी जरा रंगवूनच सांगितले.

"लगेच?" त्यांनी विचारले.

"त्याच ताटात."

"आणि घरी?"

"घरी पत्नी मागाहून वाढते. ताट जरा हलवते आणि वाढते."

"कलशेट्टी साहेब, तुमची परवानगी असेल तर महानंदाताईंना पाच मिनिटं इथं बोलावू का? तुमच्या कलमात बसत नाही, म्हणून विचारते."

परवानगी मागितली गेल्यामुळे मी दिली. महानंदा हात पुसत आली. बाईंनी मला नवीन कागद घ्यायला सांगितला. मी नेहमीप्रमाणे खालच्या कोपऱ्यात लघुस्वाक्षरी केली, कॅमेऱ्याला दाखवली आणि न्यायालय काढले. कागदावरून माझी नजर आणि माझा हात क्षणभरही बाजूला गेले नव्हते. खडू खाली ठेवला तेव्हा चित्र पूर्ण होते, याची मी शपथ घेतली असती.

"महानंदाताई," बाई म्हणाल्या, "ताट जसं हलवता तसा हा कागद हलवाल?"

महानंदाने माझ्याकडे पाहिले. "हलवू का ओ?"

"हलव."

तिने कागदाच्या कडेला बोटे टेकवली आणि तो अलगद वळवला. उजवी कड वर गेली. ती हालचाल मी ओळखली. रुग्णालयातल्या खाटेवर, मग आमच्या जेवणाच्या टेबलावर, दर जेवणाला मी ती पाहिली होती आणि तिच्यापाठोपाठ दर वेळी भाजी आली होती.

आता समोर माझे न्यायालय आडवे पडले होते, कागदाच्या वरच्या अर्ध्यात. अर्धे आसन, अर्धा पंखा, एकच पक्षकार. खालचा अर्धा कागद कोरा होता, खडूचा ठिपकासुद्धा नसलेला. कोणी कागद बदलला आहे का हे पाहण्यासाठी मी सही शोधली. वरच्या उजव्या कोपऱ्यात ती होती. माझीच. मीच केलेली, मीच कॅमेऱ्याला दाखवलेली, बनावट करता येऊ नये म्हणून मीच घातलेल्या अटीप्रमाणे.

मी फाइल मागवली. महानंदाने एकेक चित्र तसेच वळवले. एकाही चित्रात वादी हजर नव्हता. इतके दिवस मी त्याला न ऐकता दालन चालवत होतो.

"तू मला सांगितले का नाहीस?" मी महानंदाला विचारले. माझा आवाज चढला होता.

"सांगितलं की. रोज सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही पुरावा मागत होतात. मग मी ताट फिरवायला लागले."

राग

मी पुढच्या दोन भेटी रद्द केल्या. बाईंना कडक पत्र लिहिले, की आपण मला माझ्या पत्नीसमोर तोंडघशी पाडले. त्यांचे उत्तर चार ओळींचे होते. आधी विचारून मगच बोलावले तरी ते अवघड गेले असणार, असे त्यांनी लिहिले होते, आणि माझी वेळ त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेली नव्हती. मी त्या उत्तरात पळवाट शोधली. सापडली नाही.

हे दिवस वाईट होते, ते लपवत नाही. आधी मला लोकांवर संशय होता. आता स्वतःच्या डोळ्यांवर होता, आणि हा दुसरा संशय सोबतीला घेऊन बसणे फार कठीण असते. खोलीत आलो की उजवीकडचे सगळे खरे वाटे आणि मन म्हणे, अजून काहीतरी आहे, तू ते सोडले आहेस. खुर्चीत बसायची भीती वाटे. दाढी करायची भीती वाटे. महानंदाने ताट फिरवले की मी रागाने उठून जाई, आणि नंतर अर्धे जेवून उठलो म्हणून परत येई. ती ताट तसेच ठेवून बसलेली असे.

शेवटी मीच कॉल लावला.

"मला उपाय सांगा," मी म्हणालो. "सांत्वन नको."

"कागदाच्या डाव्या कडेला ठळक लाल रेघ मारायची," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला महानंदाताई मारतील. ती रेघ दिसेपर्यंत डोळे डावीकडे नेत राहायचं. दिसली, की मगच खडू उचलायचा."

"म्हणजे समास."

"म्हणजे?"

"अर्जाला डावीकडे समास सोडावा लागतो, बाई. नसला तर आम्ही अर्ज परत करायचो."

त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "मग तुम्हाला मी काय शिकवणार?"

रेघ शोधायला मला पहिल्या दिवशी इतका वेळ लागला, की डोळ्यांतून पाणी आले. मान वळवायची, आणखी वळवायची, मेंदू सांगे, कागद संपला, पुढे काही नाही, तरी वळवायची. त्या दिवशी चित्र झाले नाही. रेघ सापडली, एवढेच झाले. पण पुढे हळूहळू दालनात वादीसाठी बाक आले, मग त्यावर माणूस आला. तो आला तेव्हा वाकडा आणि रोडका होता आणि त्याला एकच पाय होता. मी त्याला तसाच राहू दिला.

मुखत्यारपत्राचा निकालही मीच लावला. संगमेशचा मसुदा नाकारला आणि माझ्या हाताने दुसरा लिहिला: स्कूटर त्याच्या ताब्यात, बाहेरची ठरावीक कामे त्याच्याकडे, आणि मी कुठे राहावे व काय ठरवावे हे माझ्याकडे. त्याने तो उभ्यानेच वाचला.

"बाबा, समास जरा जास्तच सोडलाय."

"समास आहे," मी म्हणालो. "मोजून घे. कोरी बाजू नाही."

त्याने खिशातून किल्ली काढून मला दाखवली आणि परत खिशात ठेवली. महानंदाने ती लपवून पुढे त्याच्या हवाली केली होती आणि इतके दिवस ती त्याच्याकडेच होती. माझा तोही संशय खरा होता.

तळहात

एक गोष्ट मी बाईंना सांगितली नव्हती. घरी आल्यापासून करडगी गळ्यात होती, पण ती मी उघडली नव्हती. महानंदाला सांगत असे, की अजून थकवा आहे. खरे असे होते, की देव ठेवायला लागतो तो तळहातच मला सापडत नव्हता. आणि पुन्हा एकदा देव नाहीसा झाला तर काय, ही भीती कोणत्याही पत्रात लिहिण्यासारखी नव्हती.

एकदा त्यांनी डावा हात कागदावर ठेवून त्याच्या भोवतीने रेघ ओढायला सांगितली. मी हात ठेवला आणि उजव्या हाताने खडू धरून बसलो. खडू चालेना. तेव्हा मी हे सगळे सांगितले.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या पूजेत तळहाताला काही लावतात का?"

"भस्म. कपाळाला आणि हाताला. तीन बोटे ओढतात."

"पांढरं?"

"पांढरे."

पुढचे त्यांनी सांगितले नाही, आणि त्यांनी ते सांगितले नाही हे मला आवडले. मी म्हणालो, "हे चित्र मी आपल्याला दाखवणार नाही." त्या म्हणाल्या, "नका दाखवू," आणि मी दोन्ही मोबाइल बंद केले.

दुसऱ्या सकाळी आंघोळ करून बसलो. महानंदाने माझ्या डाव्या मनगटावर आणि तळहाताच्या कडेला भस्माची तीन बोटे ठळक ओढली आणि ती मागे सरकली. मी मान वळवू लागलो. मांडी दिसली. पाट संपला. मेंदूने नेहमीप्रमाणे सांगितले, की पुढे काही नाही. मी त्याचे म्हणणे नोंदवून घेतले आणि मान आणखी वळवली. पांढऱ्या रेघा दिसल्या. त्यांच्या मागोमाग मनगट आले, मग तळहात. तो माझा होता. मी करडगी उघडून त्यावर देव ठेवला आणि नजर हलवली नाही.

"ऐतेन्री?" महानंदाने मागून विचारले. आहे का?

"आहे," मी म्हणालो.

अजूनही ताट मला फिरवावे लागते. आता ते मीच फिरवतो, आणि महानंदाने मध्ये हात घातलेला मला चालत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आहे आणि प्रत्येक पान चारही बाजूंनी फिरवून तपासले आहे. तरीही डावीकडे काही राहून गेले असेल, तर ज्याला दिसेल त्याने मला कळवावे. मी त्याच्याकडे पुरावा मागणार नाही. आधी कागद फिरवून पाहीन.